रोमिंगच्या बिलाला टांग

आज दिवसभर युरोपातल्या एका अनोळखी शहरात हिंडले. फोन सतत हातात होता, तरी बिलाची धास्ती नाही. श्रेय ई-सिमचं, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवता येणाऱ्या सिमचं. निघण्याआधीच घरच्या वायफायवर क्यूआर कोड स्कॅन करून ठेवला होता, इथे उतरल्यावर फक्त ती लाइन चालू केली. विमानतळावरच्या सिमच्या रांगेकडे बघत ऐटीत बाहेर पडले. (थोडा माज केलाच!)

नेहमीचं सिम फोनमध्येच ठेवलंय, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. त्याचं डेटा रोमिंग मात्र कटाक्षाने बंद. हे एक बटण चालू राहिलं, की फोन खिशात गप्प पडलेला असतानाही ॲप्स अपडेट होत राहतात, फोटो बॅकअपला जात राहतात आणि मीटर पळत राहतो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालतं, त्यामुळे घरच्यांशी बोलणंही त्यावरच.

सगळ्यात मजा नकाशाची. काल हॉटेलच्या वायफायवर शहराचा नकाशा उतरवून घेतला होता. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे गल्लीबोळात रेंज गेली तरी निळा ठिपका माझ्याबरोबर चालतच होता.

उद्याची गाडी सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला जाणार. युरोपियन युनियनमध्ये 2017 पासून तिथल्या सिमला आपसात जादा रोमिंग नाही, पण स्वित्झर्लंड त्यात येत नाही. आता प्लॅनमधली देशांची यादी तपासते. कुणी तिकडे ई-सिम वापरलंय का?