पणजोबांची मनीऑर्डर

आज गावच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आत पणजोबांनी मुंबईहून पाठवलेल्या मनीऑर्डरींची कुपनं, पणजीने दोऱ्यात ओवून ठेवलेली. ते परळच्या एका गिरणीत विणकर होते, एवढंच आम्हाला माहीत होतं.

दुपारभर कुपनं तारखेप्रमाणे लावत बसलो. जवळजवळ दर महिन्याला एक. कुठे "बैलाला पेंड घेणे", कुठे "आईस दमा कसा आहे ते कळवणे". आणि १९२८ च्या एप्रिलनंतर एकदम खंड! पुढचं कुपन थेट नोव्हेंबरचं.

तो गिरणी कामगारांचा मोठा संप. दोनऐवजी तीन माग सांभाळा, म्हणजे तिघांतल्या एका विणकराची नोकरी जाणार, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद होत्या. पगार नाही, खोलीचं भाडं डोक्यावर. कोकणातले कितीतरी कामगार तेव्हा गावाला परतले. पावसात बोटी बंद, त्यामुळे पणजोबाही मे महिन्यातच आले असणार, अन् बऱ्याच वर्षांनी लावणीला स्वतः चिखलात उतरले असणार.

मग आजोबांचा दाखला काढला. जन्म जून १९२९! महिने मोजले आणि अंगावर काटा आला. तो संप झाला नसता तर कदाचित आमचं हे घराणंच पुढे गेलं नसतं.

त्या सहा महिन्यांत पणजीने चूल कशी पेटती ठेवली, हे मात्र एकाही कागदावर नाही. मला आता तेच शोधायचंय. संगमेश्वर, देवरुखकडच्या कोणी घरात त्या संपाबद्दल ऐकलं असेल तर कृपया सांगा.