बोटीवरचा कसिनो स्वतःसाठी बंद करून घेताना : माझा अनुभव

क्रूझवरच्या कसिनोत शिरायला मला कुणी अडवलं नाही. तोच कसिनो माझ्यापुरता बंद करून घ्यायला मात्र पावणेदोन दिवस लागले, आणि त्यातले अडीच तास मला कसिनोच्या आतच उभं राहावं लागलं. परत येऊन दीड महिना झाला तरी राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. 2019 साली व्यापारी मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो. मांडवीतल्या बोटीवर एका रात्रीत 64 हजार घालवले. त्यातले निम्मे गल्ल्यातले होते, पाइपच्या डीलरला द्यायचे. बायकोला आठ महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती रडली नाही की ओरडली नाही, फक्त रोजमेळाची वही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘आजपासून रोज रात्री मला दाखवायची.’ तेव्हापासून रोज दाखवतो, आणि तेव्हापासून एक पैसाही लावलेला नाही. आपल्या राज्यात कसिनो नाही. 1976 चा कसिनोचा कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे साताऱ्यात राहून मोहाचा प्रश्न येत नव्हता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. चार रात्री, पेनांग आणि फुकेत. आनंद झालाच, पण त्या रात्री झोप लागली नाही. बोटीच्या माहितीपत्रकात पाचव्या मजल्यावर मोठ्या अक्षरात कसिनो लिहिलेलं होतं. सकाळी बायकोला म्हणालो, ‘चढल्याचढल्या पहिलं काम हे करायचं, माझ्या नावावर तो बंद करून घ्यायचा.’ ती म्हणाली, ‘मी येते बरोबर.’

व्हिसा, मुंबईचं विमान, मरीना बे क्रूझ सेंटरवरची तपासणी, सगळं सुरळीत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि त्यावरच सगळा खर्च. दुकानात, बारमध्ये, फोटोवाल्याकडे रोकड घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं, पुढे जायचं. मी तीस वर्षं उधारीवर माल देतोय, त्यामुळे हा प्रकार मला लगेच ओळखीचा वाटला. उधारीवर घेणारा माणूस रोखीने घेणाऱ्यापेक्षा नेहमी दोन नग जास्त उचलतो. खिशातून नोट जात नाही तोवर हात आखडत नाही. कसिनोतही हेच कार्ड चालतं. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायची टोकनं, खोलीच्या खात्यावर मिळतात आणि बऱ्याच बोटींवर त्या रकमेवर वर टक्केवारीने फी लागते. आमच्या बोटीवर 3 टक्के होती. म्हणजे खेळायला बसायच्या आधीच 3 टक्के गेले.

दुपारी दोनला रिसेप्शनच्या रांगेत उभा राहिलो. पाऊण तासाने नंबर आला. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की माझ्या कार्डावर कसिनोचा खर्च बंद करा आणि मला आत घेऊ नका. ती म्हणाली, मुलांच्या किंवा खोलीतल्या दुसऱ्या कुणाच्या कार्डाला मर्यादा लावता येते, पण तुम्ही स्वतःच खातेदार आहात, तुमचा विषय कसिनोकडे. कसिनोत गेलो तर शटर खाली. बोट बंदरात असताना कसिनो उघडत नाही, देशाची सागरी हद्द ओलांडल्यावरच उघडतो. परत रिसेप्शन, परत रांग. ‘संध्याकाळी कसिनो उघडला की तिथेच सांगा.’

म्हणजे कसिनो बंद करून घ्यायला तो उघडायची वाट बघायची!

आठच्या सुमाराला उघडला. आम्ही दोघं गेलो. कॅशियरने ऐकून घेतलं, म्हणाला मॅनेजर सही करतात, ते दहापर्यंत येतील, थांबा. बसायला खुर्च्या होत्या, पण सगळ्या मशिनपुढे नाहीतर टेबलांना लावलेल्या. म्हणून रूलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकात गोळी सोडायच्या खेळाच्या, टेबलापाशी खांबाला टेकून उभे राहिलो. माझ्या हाताला घाम सुटला होता. गोव्यातला तो गोळी फिरण्याचा आवाज मला सहा वर्षांत एकदाही आठवला नव्हता, तिथे पहिल्याच मिनिटाला छातीत धडधडायला लागलं. एक मुलगी ट्रेमधून सरबत घेऊन आली. दुसऱ्या एकाने, पहिल्यांदा आलात का, 20 डॉलरचा खेळ आमच्यातर्फे, असं सांगितलं. मी नको म्हणालो. तो दहा मिनिटांनी परत आला. परत नको म्हणालो. बायकोने माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

वेळ काढायला मी चाकावरची आकड्यांची घरं मोजली. 38 होती, दोन शून्यांसकट. एका आकड्यावर लावून जिंकलं तर लावलेले परत आणि वर त्याच्या 35 पट मिळतात. हिशेब तिथेच मनात केला : दर शंभरामागे सरासरी सव्वापाच रुपये टेबलाचे. एकच शून्य असलेल्या चाकावर 37 घरं असतात, तिथे 2 रुपये 70 पैसे. गोव्यात मी घरं मोजली नव्हती, नशीब मोजत बसलो होतो. दुकानात ग्राहकाला दोन टक्के सूट देताना मी दहादा विचार करतो.

आणखी एक गोष्ट तिथे उभं असताना डोक्यात घोळत राहिली. जावई सिंगापुरात नोकरीला आहे. त्याने सांगितलं होतं की तिथल्या नागरिकांना शहरातल्या कसिनोत शिरायचं तर दिवसाचे 150 सिंगापूर डॉलर आधी मोजावे लागतात, आणि ज्याला स्वतःला बंदी घालून घ्यायची त्याच्यासाठी सरकारी सोय आहे. त्याच बंदरातून निघालेल्या बोटीवर मला ही सोय मिळवायला कॅशियरच्या खिडकीपुढे ताटकळत ठेवलं होतं.

मॅनेजर साडेदहाला आले. सभ्य माणूस, पण पहिला प्रश्न, ‘नक्की ना? सुट्टीवर आला आहात.’ मी म्हणालो, नक्की. फॉर्म शोधायला वीस मिनिटं गेली. सही केली, प्रत मागितली. प्रत देत नाही म्हणाले. बायको तिथून हललीच नाही, शेवटी झेरॉक्स काढून दिली. मग सांगितलं की नोंद उद्या लागू होईल. दुसऱ्या दिवशी दुपारी रिसेप्शनवर विचारलं तर कार्ड अजून चालूच! तिसऱ्या दिवशी सकाळी, झेरॉक्स दाखवून तिसऱ्यांदा सांगितल्यावर, कॅशियरने कार्ड टेकवून दाखवलं. लाल दिवा लागला. त्या लाल दिव्याने मला जे समाधान दिलं ते फुकेतच्या किनाऱ्यानेही दिलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

म्हणून ज्याला असं करून घ्यायचं आहे त्याने बोटीवर चढायची वाट पाहू नये. बुकिंग झालं की लगेच लेखी मेल करावा : माझ्या खात्यावर कसिनोचा खर्च बंद ठेवा आणि लेखी उत्तर द्या. तो मेल छापून बरोबर ठेवावा.

बाकीच्या खर्चाचं थोडक्यात. आम्ही रोज रात्री खोलीतल्या टीव्हीवर खात्याचा हिशेब उघडून वहीत रोजमेळ लिहिला. त्यात दुसऱ्याच रात्री मिनीबारचे 9 डॉलर सापडले, आम्ही बाटलीला हातही लावला नव्हता. सकाळी काढून घेतले. शेवटच्या दिवशी हेच करायला निघालेल्यांची रांग जिन्यापर्यंत होती. सेवेचा आकार, म्हणजे टिप, न विचारता रोज माणशी लागतो. आमचे दोघांचे चार रात्रींचे 144 डॉलर झाले. तो निघायच्या आधीच बजेटमध्ये धरा. दारूचं पॅकेज घ्यायचं असेल तर आधी नियम वाचा, बऱ्याच कंपन्यांत एकाने घेतलं की त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. आम्ही घेतलं नाही, जेवणाबरोबरचं पाणी आणि चहा तिकिटातच असतो. फोन चढल्याबरोबर फ्लाइट मोडवर. समुद्रात बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडतं आणि त्याचे दर तुमच्या रोमिंग पॅकमध्ये बसतीलच असं नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : खात्याला कोणतं कार्ड जोडायचं. डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी अंदाजे रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला उतरल्यावरही काही दिवस जातात. आमच्या शेजारच्या खोलीतल्या सांगलीच्या काकांचे सेव्हिंगचे पैसे तसेच अडकले होते आणि परत घरी जायला टॅक्सीचे वांधे झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2020 पासून कार्डाचा परदेशातला वापर आपण स्वतः चालू-बंद करू शकतो आणि मर्यादाही ठरवू शकतो. निघायच्या आधी बँकेच्या ॲपवर जाऊन ती ठरवा. काही बोटींवर खात्यात रोख भरता येते, ती संपली की बोटीचं कार्ड थांबतं. ज्याला स्वतःची धास्ती आहे त्याच्यासाठी याहून चांगली सोय नाही. मला हे सांगलीच्या काकांनीच शेवटच्या रात्री सांगितलं.

आणि कुणाला जुगाराचा त्रास असेल, घरी बोलता येत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणारा, सरकारी नंबर आहे. फोन फुकट, कोणत्याही वेळी. 2019 मध्ये तो नव्हता. असता तर मी आठ महिने गप्प बसलो नसतो.

क्रूझ कंपनीला सगळा प्रकार, तारखा आणि झेरॉक्ससह कळवून पाच आठवडे झाले. माझी मागणी एवढीच की हा फॉर्म रिसेप्शनवर ठेवा, कसिनोच्या आत नको. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा मेल करणार आहे.