जेरुसलेमच्या क्रूसाच्या वाटेवर वाटाड्या कशाला?

'येशूला ज्या रस्त्याने वधस्तंभाकडे नेले, त्याच रस्त्याने तुम्हाला नेतो' असे सांगत शहराच्या पूर्वेकडील सिंहद्वारापाशी गाठणाऱ्या वाटाड्यांना एक पैसाही देऊ नये. आमच्याकडून उकळलेली रक्कम अवाच्या सवा होतीच, पण अधिक चीड आली ती छातीठोकपणे सांगितलेल्या खोट्या माहितीची. 'एक्के होमो' मठाखालची जी फरशी येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात याच्या न्यायासनाची म्हणून दाखवतात, ती आणि रस्त्यावरची कमान रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातील, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे १०० वर्षांची आहे. पिलात जेरुसलेमला आला की पश्चिमेकडे, आजच्या याफा दरवाज्याजवळच्या हेरोदाच्या राजवाड्यात उतरत असे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर मूळ वाट पूर्वेकडून नव्हे, पश्चिमेकडून आली असणार. आजची वाट पुढच्या शतकांतील यात्रेकरूंच्या भक्तीने आखलेली आहे. वसईत किंवा गोव्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाची वाट ही प्रार्थना केलेल्यांना तिची १४ स्थाने, म्हणजे थांबून प्रार्थना करण्याची ठिकाणे, पाठच असतात. त्यांनी शुक्रवारी दुपारी निघणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मिरवणुकीमागे फुकट चालावे.

पाचव्या ते नवव्या स्थानापर्यंतचा टप्पा मात्र जिवावर येतो. चढ, पायऱ्या, पावलांनी गुळगुळीत झालेले दगड, दोन्ही बाजूंना दुकाने आणि त्यांतून वाट काढणाऱ्या हातगाड्या, अशा गर्दीत प्रार्थना तर दूरच, पाय कुठे ठेवावा हेही सुचत नाही. पाऊस असेल तर तिथे जाऊच नये.

ही वाट जिथे संपते, त्या पवित्र कबरीच्या, म्हणजे येशूची मानल्या जाणाऱ्या कबरीच्या चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. पहाटे जावे, कारण नंतर कबरीच्या दर्शनाची रांग हलता हलत नाही. त्या रांगेत कंटाळलेल्यांनी कबरीच्या मागे, सिरियन प्रार्थनालयाच्या काळवंडलेल्या भिंतीआडच्या कोनाड्यांत अवश्य वाकून पाहावे. खडकात कोरलेल्या या ज्यू कबरी आहेत, आणि ज्यू लोक गावकुसाच्या आत दफन करत नसत. म्हणजे आज भर वस्तीत असलेली ही जागा येशूच्या काळी तटाबाहेर होती. इसवी सन ४१ ते ४४ या काळात राजा अग्रिप्पाने नवा तट बांधायला घेतला, तेव्हा ती आत आली. हे कळल्यावर सारा थकवा विसरून मी तिथेच रेंगाळलो. गुलगुथा, म्हणजे येशूला क्रूसावर दिले ती जागा, म्हणून दाखवतात तो खडक उजवीकडच्या उंच, अरुंद जिन्याने वर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी तो चढावा.

दमिश्क दरवाज्याबाहेरची 'गार्डन टोम्ब' ही बाग शांत आहे. येशूची कबर इथेच होती असे काही जण मानतात, पण शुभवर्तमानातली (बायबलमधल्या येशूचरित्रातली) कबर नवी होती आणि इथली कबर खोदकामाच्या शैलीवरून येशूच्या कित्येक शतके आधीची ठरते. सावलीत बसायचे असेल तरच जावे.