कॅनडात मेंटेनन्सवाल्यांची बैठक जमते तेव्हा

आपल्याकडे बी.ई. झालं की माणूस इंजिनिअर. ओंटारिओत मात्र प्रांताचं लायसन्स हातात पडेपर्यंत स्वतःला तसं म्हणवून घेता येत नाही. 2023 मध्ये इथल्या नियामक संस्थेनं 'कॅनडातलाच अनुभव हवा' ही अट काढली, तरी परीक्षा आणि कागदपत्रं आहेतच. तोवर करायचं काय, असं इथे येऊ घातलेली मुलं मला विचारतात. कारखान्यात मेंटेनन्स केलेलं असेल तर मी त्यांना पेमॅकचं नाव सांगतो.

पेमॅक ही कॅनडातल्या मेंटेनन्स आणि अ‍ॅसेट मॅनेजमेंटवाल्यांची (म्हणजे यंत्रं, पूल, पाइप अशा मालमत्तेची आयुष्यभर निगा राखणाऱ्यांची) संघटना. तिचा एमएमपी (मेंटेनन्स मॅनेजमेंट प्रोफेशनल) हा अभ्यासक्रम कॉलेजांमार्फत चालतो, आणि 'मेनट्रेन' नावाची परिषदही ती भरवते. शेजारी अमेरिकेत 1992 पासून एसएमआरपी ही तशीच संघटना आहे. तिची सीएमआरपी या प्रमाणपत्राची परीक्षा अडीच तासांची, 110 प्रश्नांची, आणि बसायला डिग्रीची अट नाही. पण पाच विषयांपैकी निव्वळ यंत्रांवर एकच; बाकी सगळं उत्पादन प्रक्रिया, कामाचं नियोजन, माणसं आणि पैसा. व्हायब्रेशनचे आलेख तोंडपाठ असलेले भलेभले इथेच अडकतात. पास झालात तरी दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण आहेच.

खरी मजा या संघटनांच्या स्थानिक बैठकांना. एका टेबलाभोवती मिलराइट (यंत्रं बसवणारा, दुरुस्त करणारा कारागीर), प्लॅनर (दुरुस्तीची कामं आखणारा), स्टोअर्सवाला आणि प्लँट मॅनेजर. (सॉफ्टवेअर विकणारा एक जण असतोच, त्याला टाळता येत नाही.) एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्यांची माणसं गिअरबॉक्सचं बेअरिंग का गेलं, तेलात पाणी कुठून शिरलं, हे मोकळेपणानं सांगतात. किमती आणि ऑर्डरींबद्दल मात्र चकार शब्द नाही. हे जमतं, कारण बहुतेकांची मेंबरशिप स्वतःच्या नावावर असते. नोकरी बदलली तरी खुर्ची तीच.

वादही होतात. ठरल्या तारखेला पार्ट बदलायचाच, असं म्हणणारे जुने लोक एका बाजूला. दुसऱ्या बाजूचे 1978 चा नोलन आणि हीप यांचा विमानांच्या देखभालीवरचा अहवाल पुढे करतात: विमानांच्या पार्ट्सपैकी जेमतेम 11 टक्क्यांत वय वाढल्यानं बिघाड वाढताना दिसला. मग कोणी तरी म्हणणारच, 'आमचा कारखाना म्हणजे विमान नव्हे.' मला त्याचंही पटतं. स्लरी (चिखलासारखं दाट मिश्रण) ओढणाऱ्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरतं चक्र, झिजतोच, त्याला कुठल्याही अहवालाची भीड नसते.

आकड्यांचा घोळ वेगळाच. 'आमचं पीएम 95 टक्के वेळेवर' (पीएम म्हणजे बिघाड होण्याआधीच ठरवून केलेली देखभाल) असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न येतो, वेळेवर म्हणजे किती दिवसांच्या आत? एसएमआरपी आणि युरोपातल्या संघटनांचा महासंघ ईएफएनएमएस यांनी मिळून अशा मापांच्या व्याख्या जुळवल्या आहेत. ते काम रुक्ष आहे खरं, पण माझ्या मते संघटनांनी केलेलं सर्वांत उपयोगी काम तेच.

अलीकडे बैठकीत नगरपालिकांचे लोकही दिसतात. ओंटारिओच्या 588/17 या नियमानं प्रत्येक नगरपालिकेला पूल, रस्ते, जलवाहिन्या यांचा अ‍ॅसेट मॅनेजमेंट आराखडा करणं भाग आहे. याच विषयाचं आयएसओ 55000 हे आंतरराष्ट्रीय मानक 2014 मध्ये आलं, 2024 मध्ये सुधारलं. त्याची भाषा त्यांना आमच्याहून सराईतपणे येते. आम्ही पंप किती तास चालला ते सांगतो, ते जमिनीखालचा पाइप आणखी किती वर्षं ठेवायचा त्याचा हिशोब मांडतात.

तेव्हा येणाऱ्यांनो, परीक्षेची फी भरण्याआधी एखाद्या बैठकीला जाऊन बसा. शक्यतो प्लॅनरच्या शेजारी. कुठल्या कारखान्यात माणसं कमी पडताहेत, हे त्याला आधी कळतं.