चिठ्ठीवरचं नाव उडालेलं ऑर्किड

८ ऑगस्ट

काकूंच्या ऑर्किडची पहिली कळी आज सकाळी अर्धी उघडली. दीड वर्षानंतर!

समोरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा काकू भाड्याने डोंबिवलीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझ्या गॅलरीत ऊन येतं, ह्या कुंड्या तू घे." त्यातली ही एक. नारळाची सोडणं, कोळसा आणि कडेला खोचलेली प्लॅस्टिकची चिठ्ठी. एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने आणखी पांढरी. मार्करने लिहिलेलं उन्हाने खाऊन टाकलं. साध्या पेन्सिलीने लिहिलं असतं तर टिकलं असतं, पण हे सगळ्यांनाच नाव उडाल्यावर कळतं.

फूल नसताना एवढंच कळत होतं की उसासारख्या जाड, पेरं असलेल्या केन, म्हणजे खोडं आहेत, म्हणजे डेंड्रोबियम ह्या जातकुळीचं ऑर्किड. आई मात्र अजून बांडगूळच म्हणते. बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड फांदीवर नुसतं बसतं, हे सांगून मी थकले.

गेले चार दिवस चहाचा कप घेऊन कळ्यांपुढे उभी राहते. कळी आपल्या देठावर वळत जाते. आधी लिप, म्हणजे फुलाची ती एक वेगळ्या घडणीची पाकळी, वरच्या बाजूला असतो, मग कळी अर्धा फेरा घेते आणि उमलेपर्यंत लिप खाली येतो, किड्याला उतरायला ओटा तयार. बहुतेक ऑर्किडं हे करतात. वाचलं होतं, पण रोज थोडी थोडी मान वळलेली बघणं वेगळंच.

११ ऑगस्ट

पाच फुलं उमलली. मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन बसले. आडवं माप साडेसहा सेंटिमीटर. रंग शहाळ्याच्या मलईसारखा, कडेला जरा हिरवट. लिपवर जांभळ्या शिरा आणि मधोमध तीन उंचवटे. मागे हनुवटीसारखा फुगवटा, तो तर डेंड्रोबियमची खूणच.

खात्री करायला सगळ्यात खालच्या फुलाचा बळी दिला. टूथपिकने कॉलमच्या, म्हणजे फुलाच्या मधल्या दांड्याच्या, टोकाची टोपी उचलली, तर आत परागांचे चार पिवळे, मेणचट गोळे. नुसते गोळे, ना दांडी ना चिकट गादी. वांडा हे दुसरं ऑर्किड असतं तर दोनच गोळे, दांडीवर बसवलेले, खाली गोंदासारखी चकती.

आता खरी गंमत. वरच्या दोन पाकळ्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीला एक पीळ आहे, काळविटाच्या शिंगाला असतो तसा. न्यू गिनीकडच्या डेंड्रोबियमच्या एका गटाला अँटिलोप, म्हणजे हरीण, म्हणतात ते ह्यावरूनच. पण त्या गटाच्या पाकळ्या अरुंद, फितीसारख्या असतात. हिच्या मधोमध चांगल्या रुंद आहेत. ती रुंदी बहुधा डेंड्रोबियम बिगिबमच्या घराण्यातली, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं राज्यफूल. दादरच्या फुलबाजारात जी जांभळी ऑर्किडं जुड्यांनी मिळतात, त्यांच्यातही त्याच घराण्याचं रक्त आहे. तर एका बाजूने हे, एका बाजूने ते. हायब्रिड, ह्यात शंका नाही. आजी-आजोबांपर्यंत मी पोचले, आईबापांचा पत्ता नाही.

१४ ऑगस्ट

मोबाइलने फोटोवरून तीन नावं सुचवली. दोन सरळ चूक, तिसरं हुबेहूब. अर्धा तास मी खुशीत होते.

मग एका नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. त्याने मिनिटभरात चौथंच नाव सांगितलं. मागच्या वर्षी माझ्या गडद जांभळ्या डेंड्रोबियमलाही त्याने हेच नाव दिलं होतं. माणूस उत्साही आहे, एवढंच म्हणते.

अडचण अशी की ऑर्किडच्या हायब्रिडचं नाव फुलाच्या रूपावर नसतं, आईबापांवर असतं. एकाच जोडीची सगळी पोरं एका नावाची, मग एक गोरं निघो नाहीतर एक सावळं. उलट, वेगळ्या जोड्यांची पोरं जुळ्यांसारखी दिसू शकतात. लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९६१ पासून ही नोंदवही सांभाळते, त्याआधी सँडर घराण्याची यादी होती, १९०६ पासूनची. एक लाखाहून जास्त नावं. त्यात माझ्या फुलासारखी दिसणारी किती असतील? ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. मी विचारलं, आणि कूळ तेवढं मिळालं.

ते हुबेहूब नाव लिहावंसं फार वाटलं. पण उद्या कुणी माझ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून ह्याचा संकर केला तर पुढच्या सगळ्या वंशावळीत माझी थाप जाईल.

टोपी काढलेल्या फुलाने मान टाकली. बाकीची टवटवीत आहेत.

१७ ऑगस्ट

काकूंना फोन केला. "अगं, माझ्याकडे कधी फुललंच नाही ते! थायलंडचं आहे म्हणून घेतलं होतं. नाव काहीतरी बाईचं होतं बघ." आणि मग, "मला एखादं पिल्लू दे." पिल्लू म्हणजे केनवरच फुटलेलं छोटं रोप.

जुन्या केनच्या वरच्या पेरावर एक पिल्लू आहेच, मुळं अजून बोटाच्या पेराएवढी. दोन-तीन इंच झाली की कापीन, गणपती झाल्यावर बघू. पिल्लू म्हणजे तेच झाड, नवीन काही नाही, त्यामुळे चिठ्ठी दोघांना एकच. आज दोन्ही पेन्सिलीने लिहून ठेवल्या: 'डेंड्रोबियम हायब्रिड. नाव नाही. काकूंकडचं. पहिलं फूल ८ ऑगस्ट.'

काकूंच्या चिठ्ठीवर 'काकूंकडचं' खोडून 'तुमचंच' केलं.