ध्रुवसोबत रविवार

आज परभणीत ऊन असं की कुत्रंही बाहेर पडंना. मग काय, कूलरसमोर चटई टाकली अन् राज कॉमिक्समधल्या सुपर कमांडो ध्रुवचे राहिलेले अंक एका दमात काढले. अनुपम सिन्हांनी १९८७ मध्ये उभा केलेला हा गडी अजून तसाच. सर्कशीत वाढलेला, अंगात कसलीच दैवी शक्ती नाही. स्टारलाइनची दोरी, बुटातले स्केट्स अन् डोकं, एवढ्यावर भागवतो. राज कॉमिक्सचाच दुसरा हिरो नागराज, त्याच्या अंगातून साप निघतात, ते भारीच (भांडू नका), पण ऐन मारामारीत विज्ञान आठवणारा आपला ध्रुवच! नवे रंग मात्र जरा जास्तच चकचकीत. अन् शेवटचा अंक नेमका 'पुढे चालू'वर तुटला. पुढचा भाग कुणाकडं हाय का? वाचून परत देतो, शपथ.