पायलीभर भात आणि चष्म्याचं घर

२ जुलै

सलग चौथा दिवस पाऊस. कपाट उघडलं तर गेल्या वर्षी केलेल्या पट्ट्यावर पांढरी साय धरलेली. बुरशी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा माझ्या कपाटात शिरतो असा माझा जुना संशय आहे. वेंगुर्ल्यात राहून चामड्याचा नाद लावून घ्यायला थोडं डोकं फिरलेलंच हवं.

कोरड्या फडक्यानं पुसून पट्टा पंख्याखाली टांगला. चुलीजवळ ठेवायचा मोह होतो, पण तो प्रयोग एकदा करून झालाय. चामडं पापडासारखं कडक झालं आणि वाकवल्याबरोबर तडकलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच ठेवू नये, आत घाम धरतो. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात बरा.

चतुर्थीला मुंबईकर यायच्या आत तीन भेटी करायच्यात. मी काजू कारखान्यात हिशेब लिहिते, तिथल्या ऑफिसातल्या बाई निवृत्त होतायत, त्यांना चष्म्याचं घर. भाचीला कॉलेजची बॅग. आणि आमचे माड पाडायला येतात त्या पाडेलीकाकांना कोयतीचं म्यान. त्यांची कोयती सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेली असते. ती बघितली की माझ्याच पोटरीला झिणझिण्या येतात.

६ जुलै

मुंबईला गेले होते तेव्हा धारावीतून आणलेलं चामडं आज उलगडलं. दुकानदाराला मी ‘सालीनं कमावलेलं’ म्हटलं तर तो बघतच राहिला. ‘व्हेज टॅन’ म्हटल्यावर कळलं. बाभळीची साल, हिरडा असल्या झाडांच्या तुरटपणात आठवडेच्या आठवडे मुरवलेलं हे चामडं. बाजारातल्या बहुतेक पर्स, बूट क्रोमच्या क्षारांत कमावलेल्या चामड्याचे असतात. ते मऊ असतं, पाण्याला घाबरत नाही, पण त्यावर नक्षी ठोकली की थोड्या वेळात उशीवरच्या डोक्याच्या खळग्यासारखी भरून येते. सालीचं चामडं एकदा उठलेला ठसा सोडत नाही.

ओळखायचं कसं, तर पाण्याचा थेंब टाकायचा. सालीचं चामडं तो पिऊन काळवंडतं. नुसती नखाची रेघ ओढली तरी ती राहते. दुकानात मी दर दोन मिनिटांनी नख ओढत होते म्हणून तो मालक वैतागला. वैतागू दे, मोजून पैसे दिलेत, चौरस फुटावर.

बाबांनी पुडकं बघितलं, विचारलं काही नाही. वर्तमानपत्र घेऊन खळ्यात गेले. पाऊस पडत होता तरी.

९ जुलै

ओलं करण्याचं गणित अजून पूर्ण जमत नाही. स्पंजनं चामडं भिजवायचं आणि थांबायचं. गडद झालेला रंग परत फिका होत जातो. मूळ रंग जवळजवळ आला, पण गालाला लावलं तर अजून थंड लागतंय, एवढीच वेळ कामाची. त्याआधी ठोकलं तर ठसा लिबलिबीत उठतो, नंतर ठोकलं तर उठतच नाही. व्हिडिओतली माणसं कोरड्या देशातली, त्यांचं चामडं तासाभरात तयार. माझं आषाढात दुपारी भिजवलेलं रात्री नऊला तयार होतं. म्हणजे भात शिजवायचा, जेवायचं, भांडी घासायची आणि मग गाल लावून बघायचा.

आजीला हे सगळं हास्यास्पद वाटतं. आजोबा लाकडी भांड्यात चामडं भिजत टाकून द्यायचे, म्हणाली. संत रोहिदासांच्या गोष्टीतली कठौती तीच. त्यांच्या फोटोला आमच्याकडे रोज हार असतो, पण ती कठौती म्हणजे चामडं भिजवायचं भांडं हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

१० जुलै

डाग पडला! चष्म्याच्या घराच्या झाकणावर, बरोबर मधोमध, शाईसारखा काळा ठिपका. ओल्या चामड्यावर आजोबांची भोकं पाडायची लोखंडी आरी दोन मिनिटं ठेवली होती, तेवढंच. आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो ना, तेच हे. तुरट रस आणि लोखंड भेटले की शाई तयार. लिंबू चोळल्यावर फिका झाला, गेला नाही.

आता त्या ठिपक्यावरच ओवळाचं फूल कोरायचं. बाकीचे लोक त्याला बकुळ म्हणतात. दातेरी चांदणीसारखं फूल आणि मध्ये काळोखी भोक, ठिपका तिथे लपेल. खरं तर मला सुरंगी कोरायची होती. आसोली-आरवलीकडची सुरंगी कोरल्याशिवाय वेंगुर्ल्याचं काही केलं असं वाटत नाही. पण सुरंगीत पाकळी नावाला आणि केसर मुठीभर. दोनदा कोरली, दोन्ही वेळा मेलेला खेकडा दिसला.

शिकवणारे बहुतेक अमेरिकेतले, त्यांचं जंगली गुलाब आणि वेलबुट्टी ठरलेली. फिरत्या पात्याच्या सुरीनं आधी रेघ कापायची, मग रेघेच्या एका बाजूचं चामडं ठोकून खाली दाबायचं, म्हणजे दुसरी बाजू उठून दिसते. यात एवढंच गुपित आहे. बाकी हजार ठोके. खाली फरशीचा जाड तुकडा, हातात लाकडी मोगरी. लोखंडी हातोडी घेतली की ठशांची डोकी पसरतात.

१९ जुलै

ठोकल्यावर चामडं वाढतं हे मी दरवेळी विसरते. नक्षीचा तुकडा साध्या तुकड्यापेक्षा दोन सूत लांब झाला आणि भोकं जुळेनात. मागे जाड पुठ्ठा चिकटवून ठोकायला हवं होतं. पुन्हा कापलं.

शिवण मात्र छान आली. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार. शिवणीच्या चौपट दोरा लागतो. मशीनचा एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. यातला एक तुटला तरी दुसरा धागा भोकात उभा राहतो. दोऱ्याला मेण आजीनं लावलं. तिची नजर गेलीय, पण मेणाचा गोळा अंगठ्यात धरून दोरा सर्रकन ओढते तेव्हा तो एकसारखा निघतो, माझा गाठाळतो. मला रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, धरताना बघून म्हणाली, “अशी धरशीत तर चामड्याच्या आधी बोट कापतला.” बोट कापलं. थोडंच.

२४ जुलै

सावंतवाडीला चितार आळीत गेले होते. तिथे लाकडी खेळणी कातणाऱ्या एका कारागिराकडून खाचा असलेली घासणी करून घेतली. चामड्याची कड ओली करून या खाचेत घासली की तंतू बसतात आणि कड काचेसारखी होते. त्यानं लेथवर दहा मिनिटांत कातली आणि वर विचारलं, “ह्या खेळणां कसला?” काय सांगणार! घरी येऊन चष्म्याच्या घराची कड अर्धा तास घासली. हात दुखले, पण दिव्याखाली धरल्यावर मी स्वतःशीच हसले.

२ ऑगस्ट

बाईंना आज भेट दिली. उघडलं, वास घेतला, बोट फिरवलं, फुलाचं कौतुक केलं. मग हळूच म्हणाल्या, “गो, ह्या चामड्याचा मां? माका देवाकडे पोथी वाचूक चष्मो लागता. थय ह्या कसा घेवन जाव?”

मी हसून सोडून दिलं. त्यांच्या खांद्याला जी पर्स होती ती चामड्याचीच होती, मॉलमधली. दशावतारात देवळासमोर रात्रभर वाजणाऱ्या मृदंगाची पुडी कातड्याची आणि ती ताणणारी वादीही कातड्याची. मृदंगाला चालतं, पर्सला चालतं. घरी येताना हे सगळं मनात अगदी मुद्देसूद मांडलं, तिथे एक शब्द निघाला नाही. बाई वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा त्यांनीच दिला होता.

बाबांना सांगितलं. “मग? तुला काय वाटलं होतं?” एवढंच म्हणाले.

३ ऑगस्ट

कालचं वाक्य पुरेसं नव्हतं बहुतेक. आज चहाच्या वेळी स्वतःहून बोलले. बाबा घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलतात, पस्तीस वर्षांच्या मास्तरकीची सवय. विषय निघाला तो मावशीमुळे. तिचा काल फोन आला होता की मी बॅगा विकायला काढाव्यात, मुंबईत चार-पाच हजार सहज मिळतील.

“तू फुकट देतेस तोवर त्याला लोक कला म्हणतील,” बाबा म्हणाले. “पैसे घेतलेस की आपण परत तिथेच.”

‘तिथेच’ म्हणजे बंदराकडच्या रस्त्यावरची ती ओसरी. आजोबा तिथे बसायचे. बाबा शाळेतून येताना दुसऱ्या रस्त्यानं यायचे, हे त्यांनीच मला एकदा सांगितलंय. मास्तर झाल्यावर त्यांनी रापी, आऱ्या, मोगरी, सगळं ट्रंकेत घालून माळ्यावर टाकलं. मला ती ट्रंक सापडली नसती तर मी आयुष्यभर ‘स्क्रॅच ऑल’ आणि ‘मॅलेट’च म्हणत राहिले असते.

मी तेव्हा गप्प बसले, पण आता लिहिताना डोकं तापलंय. फुकट? आजोबांनी निम्मं आयुष्य फुकटच दिलं की! वर्षभर घराघरांच्या वहाणा सांधायच्या आणि भात झोडून झाल्यावर पायलीभर, दोन पायली दारातून घेऊन यायचं. पीक बुडालं तर तेवढंही नाही, आणि मागायचीही सोय नाही, कारण ते बलुतं, मजुरी नव्हे. किंमत सांगायचा हक्कच नसणं हीच तर ‘तिथली’ गोष्ट होती. पैसे घेतल्यानं आपण परत तिथे कसे जाऊ?

पण बाबांचंही मला कळतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये इटलीतल्या बड्या कंपनीनं तसल्याच चपला मिलानच्या मंचावर आणल्या आणि इथे केवढा गदारोळ झाला. बाबांनी त्या सगळ्या बातम्या वाचल्या, एकही कापून ठेवली नाही. एरवी ते आंब्याच्या भावाचीसुद्धा कात्रणं ठेवतात.

१४ ऑगस्ट

बॅग झाली. पाठ आणि झाकण एकाच सलग तुकड्याचं, त्यावर ओवळाची डहाळी. शिवून, पितळी बक्कल लावून (लोखंडी बक्कल खाऱ्या वाऱ्यात दोन महिने टिकत नाही) झाकण पुढे दुमडलं आणि बघते तर डहाळी उलटी. देठ वर, फुलं खाली. सपाट ठेवून कोरताना झाकण दुमडल्यावर फिरणार हे डोक्यातच आलं नाही. सात संध्याकाळचं काम. रडायचीच बाकी होते.

२९ ऑगस्ट

भाची आली. बॅग देताना मी आधीच कबुलीजबाब दिला. तिनं ती खांद्याला लावली, खाली मान घालून बघितलं आणि म्हणाली, “मला तर सरळ दिसतंय की.” खरंच. घालणाऱ्याला सरळ, बघणाऱ्याला उलटी. पठ्ठी आता सगळ्यांना सांगत सुटलीय की ते मुद्दाम केलंय.

आजीनं आत सुकलेल्या ओवळांची मूठ टाकून दिली, चामड्याचा वास मरतो म्हणून. मला तो वास मरायला नको होता.

१६ सप्टेंबर

म्यान सगळ्यात सोपं वाटलं होतं. कोयतीचं पातं वाकडं, त्यामुळे ते वाकडंच शिरतं आणि वाकडंच निघतं. दोन पाळ्यांच्या मध्ये कडेला चामड्याची तिसरी पट्टी घालावी लागते, नाहीतर धार थेट टाक्यांवर येऊन महिन्याभरात शिवण कापते. तीन मिलिमीटरच्या तीन थरांतून आरी घालताना तळव्याला फोड आला. नक्षी काही नाही, फक्त कडेनं दोन रेघा. खोबरेल लावणार होते, पण गेल्या वर्षीचा तुकडा त्यानं काळा पडला आणि पुढे खवटला, म्हणून मधमाशांचं मेण पातळ करून चोळलं.

२१ सप्टेंबर

काका आज आले. माडावरून उतरल्यावर म्यान हातात दिलं. सांगितलं की कोयती नेण्या-आणण्यापुरतीच यात ठेवा, रात्रभर ठेवलीत तर चामड्याच्या ओलीनं पातं गंजेल. त्यांनी दोनदा घातली-काढली. खाट् असा आवाज आला, तो त्यांना आवडला असावा, कारण तिसऱ्यांदा उगाचच केली.

“पैशे किती?”

“पैसे नाहीत, भेट आहे.”

“भेट कसली गो! मगे मी काय देव तुका?”

मी काही नको म्हटलं. संध्याकाळी बघते तर पायरीवर चार नारळ. आमच्या माडाचे नव्हते, आमचे लहान असतात. हे मोठे, शेंडी नीट ठेवलेले.

बाबा तिथेच झोपाळ्यावर होते. विचारलं, “हे काय समजायचं? भेट, मजुरी की बलुतं?”

त्यांनी एक नारळ उचलला, कानाजवळ नेऊन हलवला, पाणी ऐकलं.

“पैसे विचारले होते त्यानं?”

“हो.”

“आधी विचारले?”

“म्यान घालून बघितल्यावर लगेच.”

बाबांनी नारळ खाली ठेवला. “तीन सोल. एक राहू दे,” म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन आत गेले.